लिंकनच्या फुटबॉलचं असं का झालं? जाणकारांनी सांगावं

आबा_चोपडा

मंडळी, नमस्कार. प्रश्न अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा आहे (आपला पायाने खेळायचा नव्हे, त्यांचा चेंडू हातात घेऊन पळायचा), तरी इथेच विचारतो. नेब्रास्कात शिकलेली, तिथे नोकरी करणारी आपल्याकडची पोरं या गटात आहेत आणि माझ्यासारखे मैदानावर आयुष्य काढलेलेही आहेत. मला दोघांचं म्हणणं ऐकायचंय.

लेक-जावई नेब्रास्काच्या राजधानीत, लिंकनला असतात, त्यांच्याकडे राहून नुकतेच परत आलो. तिथल्या विद्यापीठाचं मेमोरियल स्टेडियम 1923 सालचं. त्यात पंच्याऐंशी हजार माणूस बसतं. अख्खं चोपडं आत नेऊन बसवलं तरी वरच्या रांगा उरतील. आणि 1962च्या नोव्हेंबरपासून तिथल्या एकाही सामन्याचं तिकीट शिल्लक राहिलेलं नाही. सलग चारशेच्या वर सामने! सामन्याच्या दिवशी ते स्टेडियमच राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं असं तिथले लोक सांगतात. ओमाहा आणि लिंकन सोडलं तर हिशेबाने ते खरंच आहे, कारण अख्ख्या राज्याची वस्तीच वीस लाखांच्या आसपास.

आता गंमत बघा. लाल सदरे घालून एवढी माणसं ज्या संघासाठी जमतात, त्याने आपल्या गटाचं विजेतेपद शेवटचं जिंकलं ते 1999 साली. 2017 ते 2023 एवढी वर्षं तर हंगाम संपल्यावरच्या बाउल सामन्यालाही हे पात्र ठरले नाहीत. तिथे ऐंशीच्या आसपास संघांना ते बोलावणं येतं. म्हणजे अपमानच म्हणायचा.

शेजारी एक म्हातारे शेतकरी राहतात. मका-सोयाबीनची शेती पोरांकडे सोपवून गावात आलेले. माझं इंग्रजी मोडकं, पण खेळावर बोलायला लागले की समजायचं सगळं. बाकी प्रशिक्षकांना ते नावाने बोलायचे, एकाला मात्र नुसतं 'कोच'. आपल्याकडे जुनी पोरं 'सर' म्हणतात आणि कोणते सर ते विचारावं लागत नाही, तसं. ते म्हणजे टॉम ऑसबर्न. 1973 ते 1997, पंचवीस वर्षं. 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबरी. एकाही वर्षी नऊच्या खाली विजय नाहीत. राष्ट्रीय विजेतेपदं तीन: 1994, 1995 आणि 1997. माणूस नेब्रास्कातलाच, शैक्षणिक मानसशास्त्रात पीएच.डी. केलेला. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्याकडे खेळाच्या मास्तरला शिट्टी वाजवण्यापलीकडे काही येत नाही असा स्टाफरूमचा समज असतो.

म्हातारेबुवा विजयांबद्दल कमी बोलायचे. एका पराभवाबद्दल मात्र तीनदा सांगितलं असेल. 2 जानेवारी 1984, मायामीविरुद्ध ऑरेंज बाउल. हंगामभर अजिंक्य असलेला संघ शेवटच्या मिनिटात 31-30 वर आला. एक गुणाची किक मारली असती तर बरोबरी झाली असती आणि पहिला क्रमांक जवळजवळ नक्की होता. ऑसबर्न यांनी दोन गुणांचा डाव लावला. मायामीच्या एका खेळाडूचं बोट चेंडूला लागलं, पास हुकला, सामना गेला, विजेतेपद गेलं. बुवा म्हणाले, त्या दिवसापासून राज्य त्यांचं झालं. जिंकायला उतरलेला माणूस बरोबरी मागत नाही, हे पोरांना त्या दिवशी कळलं असेल.

मग असा माणूस निवृत्त झाल्यावर पाच-सात वर्षांत घडी विस्कटते कशी? पैसा आहे, प्रेक्षक आहेत, व्यायामशाळा विमानतळाएवढी आहे. गेलं काय?

विचारण्यामागे माझा स्वार्थ आहे. मी तालुक्याच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होतो. आमची कबड्डी. आपण पुणे विद्यापीठाखाली होतो तेव्हाही आमच्या पोरांना कलर मिळायचे, म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची, 1990 साली जळगावला विद्यापीठ झाल्यावर तर दरसाल संघात आमचे दोघं-तिघं ठरलेले. पोरं सगळी तापीकाठच्या खेड्यांतली. दिवसा केळीचे घड वाहायचे, संध्याकाळी मातीत उतरायचे. मी निवृत्त झालो, जागा भरली गेली नाही. तासिका तत्त्वावर दरसाल नवा मुलगा येतो, त्याला पोरांची नावं पाठ होईतो त्याचं वर्ष संपतं. आता महागातली मॅट आहे, गुंडाळून जिमखान्यात उभी केलेली. नॅकची समिती येणार असली की उलगडतात.

आमच्याकडे पैसा नाही म्हणून असं झालं असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. लिंकनला तर पैशाचा डोंगर आहे. मग?

पारोळ्याचा_भाचा

काय आबा, अमेरिका फिरी उनात आन् फोटो एक बी नही?

मॅच आत जाऊन पाहिली का टीव्हीवर? तो खेळ मला आजवर कळला नाही. दर दहा सेकंदांनी सगळे थांबून गप्पा मारतात.

आबा_चोपडा

आत जाऊन पाहिली भाचेबुवा, जावयाने तिकिटं काढली होती. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं धरून बसा, मग कळतो. फोटो आमच्या सौभाग्यवतीच्या फोनमध्ये आहेत आणि त्यांत स्टेडियमपेक्षा नातू जास्त आहे.

धुळेकर_लिंकनमधून

आबा, मी इथे एम.एस.ला आलो तो राहिलोच. तुमच्या शेजारच्या बुवांसारखी माणसं ऑफिसात रोज भेटतात. जेवढं कळलंय तेवढं लिहितो.

गोष्ट ऑसबर्न यांच्यापासून सुरू होत नाही. त्यांच्या आधीचे बॉब डेव्हनी 1962 साली वायोमिंगहून आले, तेव्हा इथला संघ कुणाच्या खिजगणतीत नव्हता. स्टेडियम भरायला लागलं ते त्याच वर्षी. 1970 आणि 1971 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांची. 1971च्या थँक्सगिव्हिंगला ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर 35-31 हरवलं, तो सामना लोक अजून शतकातला सामना म्हणून सांगतात. ऑसबर्न त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आणि डेव्हनी पायउतार झाल्यावर घरी गेले नाहीत. 1967 पासून ते विद्यापीठाचे क्रीडा संचालकही होते आणि 1993 पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. ऑसबर्न पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाकडून सलग हरत होते. दुसरीकडे असते तर तिसऱ्या वर्षी नारळ मिळाला असता. इथे वर बसलेला माणूस स्वतः प्रशिक्षक होता, त्याला माहीत होतं की पोरगा काय बांधतोय. 1978 साली ओक्लाहोमा हरलं एकदाचं.

दुसरं म्हणजे हाताखालची माणसं. आघाडीची फळी घडवणारे मिल्ट टेनोपीर 1974 पासून, बचाव बघणारे चार्ली मॅकब्राइड 1977 पासून. वीस-पंचवीस वर्षं तेच चेहरे. एखाद्या पोराच्या थोरल्या भावाला ज्याने शिकवलं तोच त्याच्या घरी चहाला... म्हणजे कॉफीला यायचा.

तिसरं वॉक-ऑन, आणि माझ्या मते खरी गोष्ट ती. स्कॉलरशिप नाही, स्वतःच्या खर्चाने शिकायचं आणि संघाबरोबर घाम गाळायचा. आठ-नऊशे वस्तीच्या गावातला पोरगा यायचा, दोन-तीन वर्षं फक्त सरावात मार खायचा, बॉयड एप्ली यांच्या व्यायामशाळेत अंगाने दुप्पट व्हायचा आणि चौथ्या वर्षी मैदानात उतरायचा. हे एप्ली मूळचे इथलेच पोल व्हॉल्टचे खेळाडू. 1969 साली डेव्हनींनी त्यांना पगारावर ठेवलं. कॉलेजने ताकदीच्या व्यायामासाठी पगारी माणूस नेमायचा ही कल्पनाच तेव्हा नवीन होती. वजनं उचलून एक जरी पोरगा मंदावला तर तुला काढीन, असा डेव्हनींनी दम दिला होता म्हणे. आणि हे सगळं ऑसबर्न यांच्या खेळाला जुळणारं होतं. त्यांचा 'ऑप्शन' म्हणजे पळण्याचा खेळ: क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्याने, चेंडू घेऊन कडेकडेने धावायचं, बचाव करणारा कुणावर झेपावतो ते बघायचं आणि त्या क्षणी ठरवायचं, आपल्याकडे ठेवायचा की बाजूने येणाऱ्याकडे टाकायचा. तुम्हाला हे सांगायला नको, चढाई करणाऱ्याचा निम्मा खेळ कोपरारक्षकाच्या पायाकडे बघण्याचाच असतो. या खेळाला रांगडे, चिवट, चार वर्षं थांबायला तयार असलेले गावठी गडी लागतात. ते नेब्रास्कात पिकतात.

मग 2003. ऑसबर्न यांच्यानंतर फ्रँक सोलिच आले होते. डेव्हनींच्या संघात खेळलेले, ऑसबर्न यांच्या हाताखाली वीसेक वर्षं काढलेले. 2001 साली संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेला, तो हरले. 2002 ला सात विजय, सात पराभव. 2003 ला नऊ विजय, तीन पराभव, आणि तरी काढून टाकलं. नवे क्रीडा संचालक स्टीव्ह पीडरसन यांचं म्हणणं की मी संघाला सुमारपणाकडे घसरू देणार नाही. त्यांनी व्यावसायिक फुटबॉलमधून बिल कॅलहान आणले. ऑप्शन बंद, पासचा खेळ सुरू. जुने सहायक गेले, वॉक-ऑनची वाट आक्रसली. 2004 ला पाच विजय, सहा पराभव. 1961 नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम आणि पस्तीस वर्षांची सलग बाउल सामन्यांची परंपरा तिथे तुटली. सोलिच ओहायो नावाच्या लहान विद्यापीठात गेले, तिथे सोळा हंगामांत 115 सामने जिंकून निवृत्त झाले. सुमार!

नऊ विजयांवर ज्याला काढलं तिथे पुढच्याला किती धीर मिळणार? 2008 ते 2014 बो पेलिनी होते. प्रत्येक हंगामात नऊ किंवा दहा विजय. त्यांनाही काढलं. त्यानंतर तर नऊ विजयांचा हंगाम एकदाच आला.

आबा_चोपडा

धुळेकर, हातात भिंग घेऊन वाचलं. डेव्हनी वर बसून राहिले हा मुद्दा मला तिथे कुणी सांगितला नव्हता. आमच्याकडे माझ्या पाठीशी एक प्राचार्य होते, गणिताचे. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण जिल्ह्याच्या सामन्यांच्या दिवसांत अंतर्गत परीक्षा पुढे ढकलायचे आणि खोडसाळ पत्र आलं की माझ्याकडे न पाठवता फाडून टाकायचे. ते गेल्यावर सहा महिन्यांत पोरांचा दूध-केळीचा खर्च 'आक्षेपार्ह' ठरला. केळीचा! चोपडा तालुक्यात!

अमळनेर_अकाउंट्स

थोडं विरुद्ध बोलतो. राग नसावा.

आबा, तुम्ही प्रशिक्षक, म्हणून तुम्हाला सगळं प्रशिक्षकात दिसतं. मी आकडे बघणारा माणूस. स्कॉलरशिपवर किती खेळाडू ठेवायचे यावर 1973 साली 105 ची मर्यादा आली, मग 95, आणि नव्वदच्या दशकात 85. पूर्वी मोठी विद्यापीठं चांगले खेळाडू नुसते गोळा करून बसवून ठेवायची, ते थांबलं. 1996 साली टेक्सासची विद्यापीठं सोबत घेऊन बिग ट्वेल्व्ह हा नेब्रास्काचा नवा गट झाला, त्यात अभ्यासात कच्च्या खेळाडूंना प्रवेश देण्याची ढील गेली, आणि ओक्लाहोमाशी दरवर्षीचा सामनाही गेला. 2011 साली नेब्रास्का बिग टेन या दुसऱ्या गटात गेलं, म्हणजे टेक्सासमधल्या पोरांसमोर खेळायचं कारणच संपलं. वीस लाखांच्या राज्यात उंच, वेगवान पोरं निघणार किती? ती बाहेरूनच आणावी लागतात. पूर्वी टीव्हीवर मोजके संघ दिसायचे, त्यांत नेब्रास्का असायचं. आता प्रत्येकाचा सामना दिसतो. मग टेक्सासचा पोरगा लिंकनच्या थंडीत का येईल?

ऑसबर्न आणखी दहा वर्षं राहिले असते तरी आलेख खालीच आला असता. लोक एका सोलिचवर सगळं आणून ठेवतात, कारण गोष्ट सांगायला ती सोपी जाते.

आणि घरचा माणूस आणा म्हणाल तर तेही करून झालं. स्कॉट फ्रॉस्ट नेब्रास्काच्याच खेड्यातला, 1997च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, ऑसबर्न यांचाच चेला. 2018 ला वाजतगाजत आणला. 16 विजय, 31 पराभव. 2022 ला जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर दुसऱ्या दिवशी घरी.

धुळेकर_लिंकनमधून

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धा बरोबर. ज्याला बाहेरची पोरं मिळणं अवघड आहे त्याने घरच्या पोरांची वाट आणखी रुंद करायची की अरुंद? 85 ची मर्यादा सगळ्यांना होती. वॉक-ऑनमुळे नेब्रास्काला ती बाधली नाही, म्हणून तर तिन्ही विजेतेपदं त्या मर्यादेनंतरची आहेत. तुमचाच आलेख पाहा.

फ्रॉस्टबद्दल वाद नाही. ऑसबर्न यांचा फोटो घेऊन आला होता, टेनोपीर-मॅकब्राइड कुठून आणणार?

आता तर 2025च्या न्यायालयीन तडजोडीने एकूण संघच 105 चा झालाय, स्कॉलरशिप असो वा नसो. पूर्वी इथे दीडशेच्या आसपास पोरं असायची. त्यामुळे ती जुनी वाट परत उघडेल असं मी म्हणत नाही. पहिल्या टचडाउनला लाल फुगे सोडायची पद्धत होती, तीसुद्धा 2022 ला हेलियमच्या टंचाईत बंद पडली.

शहाद्याची_पीटी_मॅडम

आबा, तुम्ही लिंकनला जाऊन आलात आणि व्हॉलीबॉलबद्दल एक ओळ नाही? पुरुष मंडळी!

त्याच विद्यापीठाचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ बघा. 30 ऑगस्ट 2023 ला तुमच्या त्याच मेमोरियल स्टेडियमच्या मधोमध कोर्ट टाकलं आणि 92,003 माणसं मुलींची मॅच बघायला बसली. मी आश्रमशाळेत मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. तो व्हिडिओ मी आमच्या मुलींना प्रोजेक्टरवर दाखवला. एकीने विचारलं, 'मॅडम, आज काय जत्रा होती का तिथे?'

अमळनेरकर, तुमचं वस्तीचं, थंडीचं, टेक्सासचं सगळं गणित या संघालाही लागू आहे. तेच राज्य, तीच बिग टेन. तरी हा संघ खाली गेला नाही. टेरी पेटिट 1977 ते 1999, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 1995 ला. त्यांच्यानंतर जॉन कुक. हे कुक पूर्वी पेटिट यांचे सहायक होते, मग विस्कॉन्सिनला स्वतंत्र प्रशिक्षक झाले, आणि 1999 ला परत येऊन वर्षभर पेटिट यांच्या शेजारी बसले. चालू गाडीत किल्ल्या हातात घेतल्या. 2000 साली पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता विजेतेपद. मग 2006, 2015, 2017. 2025च्या सुरुवातीला कुक निवृत्त झाले आणि डॅनी बुसबूम केली आल्या. त्या नेब्रास्काच्याच शेतकऱ्याची मुलगी, 2006च्या विजेत्या संघातली लिबेरो, म्हणजे फक्त बचाव बघणारी खेळाडू. पण त्यांना नुसतं घरचं म्हणून आणलेलं नाही. आधी लुईव्हिल विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आठ हंगाम काढले आणि तो संघ दोनदा राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेला.

फ्रॉस्ट आणि या बाईंत मला दिसणारा फरक हा. फ्रॉस्टना बोलावलं तेव्हा पडलेलं घर उभं करायचं होतं, आणि तेही लगेच. मुख्य प्रशिक्षक म्हणून फ्लोरिडात फक्त दोन हंगामांचा अनुभव. बाई आल्या तेव्हा घर शाबूत होतं.

आणि आबा, थोडं बोलू का? तुम्ही निवृत्त होण्याआधी शेवटची दोन-तीन वर्षं तुमच्या शेजारी कोण बसत होतं?

आबा_चोपडा

मॅडम, विचारलंत ते बरं झालं. बसत होता. माझाच जुना खेळाडू, उजवा कोपरा, बी.पी.एड. झालेला. मी त्याचं नाव लेखी दिलं होतं. मानधन ठरेना, भरतीवर बंदी होती, तो नाशिकला एका कंपनीत सुरक्षा विभागात लागला. तिथे कंपनीचा संघ तयार केलाय त्याने, दिवाळीत आला की सांगतो सगळं.

अमळनेरकर, मुलींच्या संघाचं काय म्हणता?

अमळनेर_अकाउंट्स

व्हॉलीबॉलला एका वेळी सहा मुली लागतात, फुटबॉलला शंभरावर पोरांचा तांडा. सहा चांगल्या मुली छोट्या राज्यातही सापडतात. पण कुक एक वर्ष शेजारी बसले होते हे मला माहीत नव्हतं. तो मुद्दा मान्य.

पारोळ्याचा_भाचा

मना एक प्रश्न. ते काळे शर्ट काय भानगड से? लिंकनचे लोक फोटोत काळे घालून उभे राहतात, मग लाल कशाला म्हणता?

धुळेकर_लिंकनमधून

भाचा, ते ब्लॅकशर्ट्स. 1964 साली डेव्हनींच्या एका सहायकाला सरावात दोन बाजू वेगळ्या दिसाव्यात म्हणून बनियनं हवी होती. दुकानात काळी स्वस्तात मिळाली. ती पहिल्या फळीच्या बचावपटूंना दिली. पुढे तो मान झाला. चांगला खेळलास तरच काळा शर्ट, नाहीतर कपाटातून काढून घेणार. स्वस्तातल्या कापडाला साठ वर्षं झाली.

आबा_चोपडा

हे भारी आहे. आमच्याकडे असलं काही नव्हतं, फक्त शेवटच्या चढाईला कोण जाणार ते पोरं आपसात ठरवायची आणि मी त्यात पडायचो नाही.

मॅडम, एक काम करा. त्या स्टेडियममधल्या मॅचचा व्हिडिओ मला पाठवा. आमच्या संस्थेचे नवे सचिव तरुण आहेत, त्यांची मुलगी शाळेत व्हॉलीबॉल खेळते. महिनाअखेर त्यांची भेट ठरली आहे. नाशिकच्या त्या पोराला बोलावून घेता येईल का ते विचारणार आहे. मॅटचा विषय आधी काढू की त्याच्या पगाराचा, ते सुचवा. तुम्ही रोज असल्या लोकांशी बोलता.

शहाद्याची_पीटी_मॅडम

पगाराचा. मॅट कुठे पळून जात नाही. आणि त्यांच्या मुलीच्या खेळाबद्दल आधी पाच मिनिटं विचारा, मग कागद काढा. व्हिडिओ रात्री पाठवते, इथे दिवसा रेंज नसते.